घरगुती सिम्युलेटर, धंद्याचं लायसन्स आणि मधला माणूस

मॉलमधल्या गेमिंग झोनच्या एका कोपऱ्यात खुर्ची असते. समोर तीन स्क्रीन, हाताशी योक (विमानाचं सुकाणू) आणि थ्रॉटल, पायाशी रडर पेडल. काउंटरवर पंधरा मिनिटांचे पैसे भरले की कुणाचा तरी मुलगा मुंबईच्या धावपट्टीवरून विमान उचलतो आणि आई-बाबा मोबाइलवर व्हिडिओ घेतात. त्याच शहरात एखादा इन्स्ट्रक्टर घरच्या मागच्या खोलीत सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या, दोन विद्यार्थ्यांना आयएलएस अप्रोच (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणं) शिकवत असतो, तासाचे पैसे घेऊन. आणि शहराबाहेरच्या एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये विद्यार्थी फी भरून सिम्युलेटरवर सराव करत असतात. तिन्ही ठिकाणी कॉम्प्युटरवर एकच फ्लाइट सिम्युलेटर सॉफ्टवेअर असू शकतं, काही हजार रुपयांत कुणीही घरी डाउनलोड करतो तेच. ‘मान्य आहे’ या बटणावर क्लिक करताना जो मजकूर सहसा कुणी वाचत नाही, त्यात मात्र लिहिलेलं असतं की हा वापर वैयक्तिक आणि बिनव्यावसायिक कामापुरता आहे.

ही अट मला न्याय्य वाटते आणि ती पाळलीच पाहिजे, असं माझं मत आहे. पण आज तिची रेघ जिथे ओढली आहे तिथे एका बाजूला हौशी माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला कंपनी. घरच्या खोलीत शिकवून पोट भरणारा इन्स्ट्रक्टर दोन्हींत बसत नाही. त्याच्यासाठी पायरीच ठेवलेली नाही, म्हणून तो गुपचूप घरगुती प्रत वापरतो. हा मधला माणूस आपल्या देशातल्या कायद्याला ठाऊक आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी आणि विमानप्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्यांनीही त्याची दखल घ्यायला हवी.

आधी अट न्याय्य का, ते सांगतो. आपल्याकडे बरेच जण इथूनच वाद घालतात: पैसे मोजून घेतलं, आता मी त्याचं काहीही करीन. घरगुती गॅस सिलिंडर १४.२ किलोचा आणि हॉटेलवाल्याचा १९ किलोचा, आतला गॅस एकच, तरी वडापावच्या गाडीवर घरगुती सिलिंडर सापडला तर कारवाई होते. तिथे सरकारी नियम आहे, इथे खासगी करार, हा फरक मोठा आहे. पण दोन किमती ठेवण्यामागचा विचार सारखाच. घरगुती ग्राहकाला वस्तू परवडावी असं वाटत असेल, तर त्याच वस्तूवर धंदा करणाऱ्याकडून जास्त घ्यावं लागतं आणि दोन्ही गिऱ्हाइकं वेगळी ठेवावी लागतात.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा विचार अमेरिकेतल्या एका निकालात फार स्वच्छ मांडलेला आहे. १९९६ चा प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग हा खटला. प्रोसीडी या कंपनीने तीन हजारांहून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्यांमधली माहिती गोळा करून ती सीडीवर आणली होती. तो डेटाबेस उभा करायला कंपनीला एक कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. सामान्य ग्राहकाला तो संच सुमारे १५० डॉलरला मिळे, व्यापारी वापराला दर जास्त. विस्कॉन्सिनमधल्या झायडेनबर्ग या माणसाने ग्राहकी संच विकत घेतला आणि त्यातली माहिती इंटरनेटवर पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. खालच्या कोर्टाने त्याची बाजू घेतली होती. वरच्या कोर्टात न्यायाधीश ईस्टरब्रूक यांनी ते फिरवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा फरक राखता आला नाही तर कंपनी सगळ्यांना एकच, वाढीव किंमत लावील आणि त्यात घरगुती ग्राहकाचंच नुकसान होईल. हा निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही आणि त्यावर टीकाही भरपूर झाली आहे. खोका उघडल्यावर दिसणाऱ्या अटी ग्राहकावर बंधनकारक कशा, हा त्या टीकेतला प्रश्न मलाही रास्त वाटतो. किमतीच्या मुद्द्यावर मात्र ईस्टरब्रूक यांच्या म्हणण्याला उत्तर सापडत नाही. कोल्हापूरचा कॉलेजातला मुलगा आज साठ-सत्तर डॉलरच्या आसपास अख्ख्या पृथ्वीवर उडू शकतो, याचं एक कारण हे की ट्रेनिंग देणाऱ्या संस्था त्याच इंजिनासाठी, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरसाठी, कितीतरी पट पैसे मोजतात.

आता अडचणीकडे वळू. फ्लाइट सिम्युलेटरच्या बाबतीत ही रेघ कशी पडली याचा इतिहास पाहिला, तर ती वापराचा विचार करून पडलेली नाही हे ध्यानात येतं.

ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिकने ॲपल २ साठी पहिलं फ्लाइट सिम्युलेटर काढलं आणि १९८२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आलं. पुढची पंचवीस वर्षं ते घरगुती उत्पादन म्हणूनच वाढलं. २००६ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर टेन आलं. त्याच इंजिनावर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ईएसपी’ नावाचं वेगळं उत्पादन आणलं, ते खास प्रशिक्षण आणि व्यावसायिक वापरासाठी. म्हणजे रेघ होती आणि ती समजण्यासारखीही होती: हौसेला एक, कामाला दुसरं. मग जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे सगळं बनवणारा एसेस स्टुडिओच बंद केला. ईएसपीचे हक्क लॉकहीड मार्टिन या अमेरिकी संरक्षण कंपनीने घेतले आणि त्यावर प्रीपार थ्रीडी (Prepar3D) हे सिम्युलेटर उभं केलं. ते २०१० मध्ये बाजारात आलं. करमणुकीचे हक्क मात्र त्या व्यवहारात लॉकहीडकडे गेले नाहीत. ते पुढे २०१४ मध्ये डव्हटेल गेम्स या कंपनीला मिळाले आणि फ्लाइट सिम्युलेटर टेन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पुन्हा विकायला आलं.

यातून तयार झालेली परिस्थिती विलक्षण होती. घरगुती सिम्युलेटरच्या करारात लिहिलेलं की यावर कमावू नका. प्रीपार थ्रीडीच्या करारात लिहिलेलं की हे वैयक्तिक करमणुकीसाठी वापरू नका. दोन्हींचं मूळ एकच, विमानं आणि विमानतळांच्या फाइलीही पुष्कळशा एकमेकांत चालायच्या. प्रीपार थ्रीडीचं अकॅडमिक लायसन्स ५९.९५ डॉलरला आणि प्रोफेशनल १९९ डॉलरला मिळायचं. त्यावरच्या प्रोफेशनल प्लसची किंमत दोन हजार डॉलरच्या पुढे जायची. आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती सिम्युलेटरकडे पाठ फिरवलेली असल्याने जगभरातले हजारो हौशी लोक प्रीपार थ्रीडीकडे वळले, कारण सुधारत जाणारं, पुढे चौसष्ट बिटचंही झालेलं इंजिन त्यांना तिथे मिळत होतं. काहींनी स्वतःला विद्यार्थी म्हणवून अकॅडमिक घेतलं. काहींनी ‘मी विमानशास्त्र शिकतोय’ अशी मनाची समजूत घालून प्रोफेशनल घेतलं. ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरवर बसवायची जादा विमानं आणि विमानतळं, विकणाऱ्या कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून एक लटकं गृहीत चालू ठेवलं आणि ते जवळपास दशकभर टिकलं.

मला या काळाचं वाईट वाटतं ते कुणाचे पैसे बुडाले म्हणून नव्हे. फुकट पळवायचं असं ठरवलेले ते लोक नव्हते. त्यांनी पैसे मोजले होते, बऱ्याचदा घरगुती सिम्युलेटरपेक्षा जास्तच. पण करारावर सही करताना खोटं बोलायचं असतं आणि त्याने काही बिघडत नाही, ही सवय या क्षेत्राला तेव्हा लागली. ज्या माणसाने २०१३ मध्ये ‘मी विद्यार्थी आहे’ असं खोटं टिक केलं, त्याला पुढे घरगुती प्रतीवर पैसे घेऊन शिकवताना काहीच वाटलं नाही, यात नवल कसलं? दोन कंपन्यांमधल्या सौद्याची रेघ ग्राहकाच्या आयुष्यावर जशीच्या तशी ओढली की असं होतं.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरचं उदाहरण याहून बरं आहे, म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहावं. ऑस्टिन मायर यांची लॅमिनार रिसर्च ही साउथ कॅरोलायनातली छोटी कंपनी. तिने घरगुती आणि व्यावसायिक वापर वेगळे केले, पण दोन्हीकडे सिम्युलेटर तोच ठेवला. व्यावसायिक वापराची किल्ली वेगळी विकत घ्यायची. बरीच वर्षं ती खरोखरची यूएसबी किल्ली होती, कॉम्प्युटरला लावायची. ती लागली की सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी नागरी उड्डाण प्रशासनाला, म्हणजे एफएएला, हव्या असलेल्या तपासण्या चालू होतात. योक, पेडल नीट जोडलेली आहेत का? स्क्रीनवरचं चित्र पुरेशा वेगाने बदलतं आहे का? चित्र अडखळलं तर विमानाच्या हालचालीची जाणीवच चुकते आणि चुकीच्या जाणिवेवर केलेला सराव घातक असतो. इथे जास्तीच्या पैशांबरोबर जबाबदारीही वाढते आणि ती कशाची, हे बोट ठेवून दाखवता येतं.

याच्या जोडीला एफएएचा एक साधा नियम आहे. नुसत्या सॉफ्टवेअरला मान्यता मिळत नाही. कॉम्प्युटर, नियंत्रणं, पॅनेल आणि सॉफ्टवेअर अशा संपूर्ण उपकरणाला मिळते, तिचं पत्र मिळतं आणि पत्राची मुदत पाच वर्षांची असते. असं साधं मान्यताप्राप्त उपकरण असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेसाठी) त्यावरचे १० तास धरता येतात, प्रगत उपकरण असेल तर २० तास. घरच्या टेबलावर त्याच सॉफ्टवेअरवर पाचशे तास घालवले तरी लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या तासांच्या नोंदवहीत, शून्य. लॉगबुकात मोजला जाणारा तास आणि न मोजला जाणारा तास, ही रेघ मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. आकाशात ज्यावर कुणाचा जीव अवलंबून असणार आहे, त्या तासाची किंमत आणि तपासणी वेगळी असायलाच हवी.

मग इन्स्ट्रक्टरच्या त्या मागच्या खोलीचं काय? तिथले तास लॉगबुकात जात नाहीत. विद्यार्थी तिथे होल्डिंग पॅटर्नमध्ये (उतरण्याची वाट पाहताना आकाशात घालायच्या ठरावीक फेऱ्यांमध्ये) कसं शिरायचं ते समजून घेतो, रेडिओवर काय बोलायचं ते पाठ करतो, चूक झाली की विमान थांबवून इन्स्ट्रक्टर त्याला नकाशा दाखवतो. गोंदिया, बारामती किंवा धुळ्याला प्रत्यक्ष विमानात बसल्यावर प्रत्येक तासाला मोठी रक्कम मोजावी लागते. सीपीएलसाठी २०० तास लागतात आणि कर्ज काढून आलेल्या घरांना त्यातला प्रत्येक तास जाणवतो. खाली जमिनीवर दोनशे-पाचशे रुपयांत चुका करून घेणं ही त्या मुलासाठी चैन नाही. हे काम समाजाला हवं आहे. पण करार पाहिला तर मॉलमधला मालक आणि हा इन्स्ट्रक्टर एकाच रांगेत उभे.

माझ्या मुद्द्याचा सगळा भार इथेच आहे. ‘व्यावसायिक वापर’ या दोन शब्दांत आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो: करमणूक भाड्याने देणं, मान्यताप्राप्त प्रशिक्षण विकणं, आणि स्वतःच्या कौशल्यावर पोट भरणं. आपल्या संसदेने आणि सर्वोच्च न्यायालयाने तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींपासून फार पूर्वीच वेगळी काढली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नाही. पण त्याखालीच स्पष्टीकरण आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली, तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. जुन्या, १९८६ च्या कायद्याखाली १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उदाहरणं देऊन सांगितला. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच. स्वतः चालवण्यासाठी लेथ मशीन घेणारा ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी. तीच रिक्षा किंवा लेथ पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र ग्राहक नाही. ही कसोटी सिम्युलेटरला लावून पाहा. पगारी पोरगा बसवून मॉलमध्ये तीन खुर्च्या चालवणारा मालक एका बाजूला जातो, विद्यार्थ्याशेजारी स्वतः बसून शिकवणारा इन्स्ट्रक्टर दुसऱ्या. न्यायालयाने ही रेघ ओढताना वस्तूच्या किमतीला महत्त्व दिलं नाही. ती कशासाठी घेतली आणि कोण चालवतो, हे विचारलं.

हा कायदा ग्राहक म्हणून तक्रार करण्याच्या हक्काबद्दल आहे. त्याने सॉफ्टवेअरचा करार रद्द होत नाही, आणि त्याच्या आधाराने घरगुती प्रत खुशाल वापरा असं मी सुचवत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ तर उलट बाजूलाच झुकतो. त्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला काही सूट आहे, पण ती ‘ज्या कामासाठी प्रोग्रॅम पुरवला त्या कामासाठी’. पुरवला घरगुती वापरासाठी, तर सूट तेवढ्यापुरतीच, असं कंपनीचा वकील म्हणणार आणि त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. कलम ६३ बी तर थेट कमाईचा प्रश्न विचारतं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. फायद्यासाठी किंवा धंद्यात वापर झालेला नसेल तर कोर्ट विशेष कारण नोंदवून कैद टाळू शकतं. पैसे देऊन घेतलेल्या घरगुती प्रतीला हे कलम सरळ लागत नाही, तिथे प्रश्न मुख्यतः कराराच्या भंगाचा राहतो. क्रॅक केलेल्या प्रतीवर खुर्ची चालवणाऱ्याने मात्र ते जरूर वाचावं.

मॉलमधल्या खुर्चीबद्दल आणखी एक कलम बोलकं आहे. कलम १४ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा. मात्र भाड्याच्या व्यवहारात प्रोग्रॅम हीच मुख्य वस्तू नसेल तर हा हक्क लागू होत नाही. गाडी भाड्याने दिली आणि तिच्या इंजिनात सॉफ्टवेअर असलं, तर सॉफ्टवेअर भाड्याने दिलं असं कुणी म्हणणार नाही. सिम्युलेटरच्या खुर्चीत मुख्य वस्तू कोणती? योक आणि पेडल घेऊन कुणी पंधरा मिनिटं बसेल का? माझ्या मते तिथे लोक सॉफ्टवेअरसाठीच पैसे देतात आणि म्हणूनच त्या मालकाने व्यावसायिक लायसन्स घ्यायलाच हवं. गिऱ्हाइकाला दाखवला जाणारा प्रत्येक ढग, प्रत्येक डोंगर ज्यांनी बनवला त्यांचा त्या पंधरा मिनिटांत वाटा आहे.

ढग आणि डोंगरांवरून आठवलं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये नवं फ्लाइट सिम्युलेटर आणलं, फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने बनवलेलं, आणि २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती. २०२० ची आवृत्ती आली तेव्हा त्यात बिंगचे नकाशे आणि हवाई छायाचित्रं होती, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ब्लॅकशार्क कंपनीने त्यांवरून उभ्या केलेल्या इमारती होत्या, एअरबसच्या नॅव्हब्लूची दिशादर्शन-माहिती होती, विमानं बनवणाऱ्या कंपन्यांच्या परवानगीने आलेली विमानं होती. यातल्या प्रत्येकाशी वेगळा करार. घरगुती करमणुकीसाठी दिलेली परवानगी प्रशिक्षणाच्या धंद्याला आपोआप लागू होत नाही. त्यामुळे ‘एवढी मोठी कंपनी, एक वाक्य बदललं तर काय जातं’ असं म्हणणं सोपं असलं तरी ते वाक्य एकट्या कंपनीच्या हातात नसतं. ॲड-ऑनचंही तेच. मूळ सिम्युलेटरचं व्यावसायिक लायसन्स घेतलं म्हणून त्यावर बसवलेल्या बोइंग ७३७ च्या ॲड-ऑनचं मिळालं असं होत नाही. आपल्याकडे प्रामाणिकपणे एक लायसन्स घेणारेही बहुधा इथे चुकतात.

तरीही कंपन्यांना मधली पायरी बांधता येत नाही हे मला पटत नाही, कारण त्यांनी ती इतरत्र बांधलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या गेम-सामग्रीच्या नियमांनुसार आपल्या उड्डाणाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकून जाहिरातींचे पैसे मिळवायला मुभा आहे. ती कमाईच आहे. पण छोटी, मोजता येण्याजोगी आणि कंपनीला उपयोगी, म्हणून तिच्यासाठी नियम लिहिला गेला. लॉकहीडने ॲड-ऑन बनवणाऱ्यांसाठी महिन्याला ९.९५ डॉलरचं डेव्हलपर लायसन्स ठेवलं होतं. ज्या छोट्या माणसाकडून त्यांना फायदा दिसला, त्याच्यासाठी पायरी आली. शिकवणाऱ्याकडून कंपनीला होणारा फायदा दूरचा असतो. त्याच्याकडे शिकलेली मुलं उद्या फ्लाइंग स्कूलमध्ये आणि एअरलाइनमध्ये जातात आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते ठरवतात. हे गणित कंपन्यांनी मांडलं नाही, आणि आपल्या बाजूनेही कुणी त्यांच्यापुढे आग्रहाने ठेवलं नाही.

मागणी करायची तर नेमकी करायला हवी. मधल्या पायरीच्या अटी अशा: एकच माणूस, एकच मशीन, शिकवणारा स्वतः हजर, लॉगबुकात तास मोजले जाणार नाहीत, आणि वर्षाची ठरावीक फी रुपयांत. घरगुती किमतीच्या दुप्पट-तिप्पट असली तरी चालेल. मान्यताप्राप्त उपकरण म्हणून अर्ज करायचा झाला की पूर्ण व्यावसायिक लायसन्स. मॉलला दर खुर्चीमागे वेगळं. आणि हे तिन्ही दर दुकानाच्या पानावर, पैसे भरण्याआधी, साध्या वाक्यांत. करार वाचायला वकील लागत असेल तर तो पाळला जाणार नाही, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, काय करावं? फ्लाइंग स्कूलच्या सिम्युलेटरला मान्यता देताना उपकरणाची तपासणी होतेच. त्या अर्जाला सॉफ्टवेअरच्या आणि प्रत्येक ॲड-ऑनच्या व्यावसायिक लायसन्सची पावती जोडणं सक्तीचं करावं. यात नवा विभाग नको, नवे निरीक्षक नकोत. विद्यार्थ्याच्या लॉगबुकात ज्या यंत्रावरचे तास जाणार आहेत, त्या यंत्रातलं सॉफ्टवेअर अपडेट होतं का, कंपनीचा आधार त्याला आहे का, हे त्या पावतीवरून कळतं. घरगुती प्रत एका रात्रीत आपोआप अपडेट होऊन विमानाचं वागणं बदलू शकते. अशा यंत्रावर मोजलेला तास विद्यार्थ्यावर अन्याय करतो, कारण तो ज्याला सरावलेला असतो ते विमान दुसऱ्या दिवशी राहिलेलंच नसतं.

‘कोण बघतंय?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रतिवाद मी मनापासून नाकारतो. बोर्दोहून किंवा साउथ कॅरोलायनाहून बारामतीला तपासायला कुणी येणार नाही, हे खरं. पण विमान उडवण्याचं अख्खं शिक्षण कुणी बघत नसताना चेकलिस्ट वाचण्यावर उभं आहे. ज्या खोलीत विद्यार्थ्याला ते शिकवायचं, त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर शिकवणाऱ्याने नजर चुकवून मिळवलेली परवानगी चालू असावी, हे मला सहन होत नाही. ‘त्या श्रीमंत अमेरिकी कंपन्या आहेत’ हा दुसरा युक्तिवादही कच्चा आहे. ॲड-ऑन बनवणारे पुष्कळसे लोक दोन-चार जणांच्या टीममध्ये काम करतात. त्यांनी एका विमानतळावर महिनोन्‌महिने घालवलेले असतात. मॉलमधल्या खुर्चीवर त्यांचं काम फुकट चालतं तेव्हा नुकसान त्यांचं होतं, लॉकहीड मार्टिनचं नव्हे.

आणि ज्याला आजच शिकवायला बसायचं आहे, पैसे कमी आहेत, त्याच्यासाठी एक वाट आत्ताही मोकळी आहे. फ्लाइटगिअर हे मोफत सिम्युलेटर १९९७ पासून आहे. ते जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतं आणि त्या परवान्यात धंद्याला मनाई नाही. त्यावर पैसे घेऊन शिकवता येतं, खुर्ची भाड्याने देता येते, ते विकताही येतं, फक्त प्रत पुढे देताना मूळ कोड आणि तेच हक्क पुढच्याला द्यावे लागतात. काही विक्रेत्यांनी याच सवलतीचा गैरफायदा घेऊन तेच सॉफ्टवेअर नवं नाव लावून महाग विकलं, याचं त्या प्रकल्पातल्या लोकांना दुःख झालं, पण त्यांनी परवाना आवळला नाही. त्यातलं जेएसबीसिम हे उड्डाण-गणिताचं इंजिन गंभीर कामात वापरलं जातं. चित्रं मायक्रोसॉफ्टइतकी देखणी नाहीत, मुंबईची किनारपट्टी ओळखायला थोडी कल्पना लावावी लागते. पण होल्डिंग पॅटर्न, व्हीओआर रेडियल (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनची दिशारेषा) आणि अप्रोचचा उतार शिकवायला ढगांच्या कडा लागत नाहीत. ढगात शिरल्यावर बाहेर काहीच दिसत नाही आणि तो सराव कॉकपिटमधल्या उपकरणांच्या सहा गोल घड्याळांकडे पाहूनच करायचा असतो.

ज्याला एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टचंच सॉफ्टवेअर हवं असेल, त्याने विद्यार्थी घेण्याआधी कंपनीला ईमेल करावा: मी एकटा शिकवतो, एका मशीनवर, तास मोजले जात नाहीत, मला कोणतं लायसन्स लागेल आणि त्याची फी किती? उत्तर आलं तर ते छापून ठेवावं. नाही आलं तर घरगुती प्रतीवर फी घेऊ नये. आणि ही पत्रं एकेकट्याने पाठवण्यापेक्षा इन्स्ट्रक्टरांनी एकत्र, एका नमुन्यात, नावांसकट पाठवावीत. असे किती जण गिऱ्हाईक व्हायला तयार आहेत, हे कंपनीच्या विक्री विभागाला त्यावरूनच पहिल्यांदा कळेल.